दारू सोडायची आहे, मीटिंग कुठे भरते?

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी आला की पहिले काही दिवस घरात सणासारखे जातात. त्याला भूक लागते, झोप लागते, मुलांच्या वह्यांना कव्हरं घातली जातात. मग पगाराची तारीख उजाडते, नाहीतर भाच्याची हळद. केंद्र मागे राहिलेलं असतं, डॉक्टरांची पुढची तारीख महिन्यानंतरची असते आणि मित्र मात्र रोज नाक्यावर हजर असतात. माझ्याकडे येणाऱ्यांची घसरण बहुधा इथेच होते. या दिवसांसाठी मी गोळ्यांच्या बरोबरीने मदत गट लिहून देतो. त्यावर ठरलेला प्रश्न येतो: ‘आमच्याकडे असला गट आहे तरी कुठे?’

सर्वांत जुना आणि पसरलेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, लोकांच्या तोंडी ‘एए’. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांनी तो सुरू केला. दोघेही पक्के पिणारे. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. डॉक्टर म्हणून मला पुरावा लागतो, तोही आहे. कोक्रेन संस्थेने 2020 मध्ये 27 अभ्यास एकत्र तपासले. पूर्णपणे दारूविना राहण्याच्या बाबतीत, माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

पत्ता काढायचा तर एए इंडियाच्या संकेतस्थळावर पाहा. नाहीतर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन लावा, किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवकाला गाठा. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांच्या पाठपुराव्याच्या बैठका असतात, त्यांचीही चौकशी करा. गावाजवळ काहीच नसेल तर ऑनलाइन मीटिंग आहेत. ओळख लपवायची म्हणून काहीजण मुद्दाम त्याच पसंत करतात, त्यातही काही गैर नाही.

पत्ता मिळाला तरी एक फोन कराच. गट जागा उसनी घेतात: शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल. दारावर पाटी असेलच असं नाही; बोर्ड शोधत फिराल तर तसेच परत याल. कुठलं गेट, कितवी खोली, मीटिंग मराठीत चालते की हिंदीत, आणि ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हे विचारून घ्या. ओपनला घरचं माणूस सोबत बसू शकतं, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी असते.

आत काय होतं? कुणी तरी म्हणतं, ‘मी अमुक, मी एक मद्यपाशी,’ आणि आपली हकिगत सांगतं. बाकीचे ऐकतात. मध्येच कुणी उपदेश करत नाही. आपल्याकडे हीच मोठी नवलाई. नव्या माणसाने बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणी फिरते, पहिल्या दिवशी खिशात हात घालायची गरज नाही. ‘ओळखीचं कुणी भेटलं तर?’ ही भीती मी रोज ऐकतो. भेटलं तर तोही त्याच कामासाठी आलेला असेल. पहिल्या मीटिंगमध्ये मन रमलं नाही तर दुसऱ्या गटात जाऊन बघा, कारण प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो. प्रार्थना किंवा देवाचा उल्लेख खटकत असेल तर तेवढा बाजूला ठेवून बसणारेही तिथे आहेत.

आता माझ्या खात्याचा इशारा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून जो घोट घेतो, त्याने मीटिंगच्या उत्साहात एका रात्रीत दारू तोडू नये. अशांना पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि यात माणसं दगावतात. आधी डॉक्टर, थरथर आटोक्यात आणणारी औषधं, बी-1 जीवनसत्त्व, आणि मग गट.

भिंतीवर रंगवलेल्या ‘न सांगता दारू सोडवा’ जाहिरातींबद्दलही सांगतो. वरणात गुपचूप पावडर कालवू नका. तिच्यात काय असतं हे विकणाराही सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध नकळत पोटात गेलं आणि वर क्वार्टर रिचवली, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेततं. शिवाय घरच्या जेवणावरचा विश्वास जातो तो वेगळाच.

पिणारा स्वतः मीटिंगला यायला तयार नसेल तर वहिनींनी, आईंनी वाट बघत बसू नये. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट 1951 पासून चालतात. तिथे जायला त्याची परवानगी लागत नाही. तो पीत असतानाच जा. आणि 14446 वरचा फोनही त्यानेच केला पाहिजे असं नाही, तुम्ही करा.