बसायची जागा : जुन्या कॉफी हाउसकडून आपण काय घ्यायचं



उदगीरच्या किल्ल्याजवळ गटाचं चहा-नाश्त्याचं दुकान काढावं, हा विषय बैठकांत वारंवार येतोय. पर्यटक येतील, विक्री होईल, असं सगळ्यांना वाटतं. म्हणून या वेळचा अभ्यास त्यावरच. पण सुरुवात मुंबई-पुण्याच्या जुन्या हॉटेलांपासून करू. तिथे लोक गाडीभाडं खर्चून नुसता चहा प्यायला जातात. ते का जातात हे कळलं, की आपल्या दुकानाचा विचार सोपा होईल.

मुंबईत धोबी तलावाला कयानी नावाचं इराणी हॉटेल 1904 पासून चालू आहे. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 चं, पुण्यात डेक्कनवरचं गुडलक 1935 चं. इराणहून आलेल्या लोकांनी ही हॉटेलं काढली. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बनमस्का आणि घट्ट चहा. आज परदेशी पाहुणेसुद्धा तिथे फोटो काढतात. पण काढणाऱ्यांच्या मनात पर्यटक नव्हताच. गिरणी कामगार, कारकून, कॉलेजची पोरं, टॅक्सीवाले, अशी रोजची माणसं होती. एका चहावर तासभर बसलं तरी कोणी उठवायचं नाही, म्हणून माणसं परत यायची. तीन पिढ्या तसंच चाललं, तेव्हा कुठे पर्यटक आला.

आपण तर निजामाच्या राज्यातले, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट आजही प्रसिद्ध आहे. बिस्किटाचं नाव शेवटच्या निजामावरून, उस्मान अली खानावरून पडलं. तिथे चहाचं पाणी वेगळं उकळतं, दूध वेगळं आटवतात आणि कपात दोन्ही एकत्र करतात. करायला अवघड काही नाही, पण चव रोज तीच ठेवावी लागते. दूध कमी पडलं म्हणून पाणी वाढवलं, की गिऱ्हाईक गेलंच.

आता कॉफी हाउस. ही गोष्ट नीट वाचा, कारण ती आपल्यासारख्यांचीच आहे. देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस समितीकडून अशी हॉटेलं निघाली. पहिलं मुंबईत चर्चगेटला, 1936 मध्ये. पुढे देशभर झाली. 1950 नंतरच्या काळात सरकारी कॉफी मंडळाने ती बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर यायची वेळ आली. तेव्हा केरळचे कामगार नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं, तुमची सहकारी संस्था काढा आणि हॉटेलं तुम्हीच चालवा. 19 ऑगस्ट 1957 ला बंगळूरला पहिली संस्था झाली. 27 ऑक्टोबर 1957 ला दिल्लीत कामगारांचं पहिलं इंडियन कॉफी हाउस उघडलं. कालपर्यंत ट्रे उचलणारे संस्थेचे सभासद झाले, म्हणजे मालक. पांढरा गणवेश आणि डोक्यावर तुर्‍याची पगडी घालून ते आजही वाढतात, आणि हिशेब संस्थेच्या सभेत मांडला जातो. आपल्या गावातला ग्रामसंघ वेगळं काय करतो?

कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचं कॉफी हाउस 1958 मध्ये बंद करायचं ठरलं होतं. तिथे रोज बसणाऱ्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला आणि ते त्याच वर्षी पुन्हा उघडलं. त्याला वाचवलं रोजच्या गिऱ्हाइकाने. आता तिथे पर्यटकांची रांग असते.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बऱ्याच इराणी हॉटेलांत बायकांसाठी, कुटुंबासाठी वेगळी खोली असायची. त्यामुळे बाईमाणूस बाहेर बसून चहा पिऊ शकलं. आपल्या तालुक्याच्या गावी आजही चहाच्या हॉटेलात बायका बसलेल्या किती दिसतात? बाजाराला, तहसीलला, दवाखान्यात आलेली बाई झाडाखाली बसते आणि लघवी दाबून घरी जाते. आपलं रोजचं गिऱ्हाईक हीच. तिला पंखा, स्वच्छ संडास आणि पाठ टेकायला बाकडं मिळालं, तर ती पुन्हा येईल आणि सोबत चारजणी आणेल. पर्यटक महिलेलाही नेमकं हेच हवं असतं.

उदगीरला बघायला येणारा नाही असं नाही. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी इथेच निजामाला हरवलं, आणि पुढच्या वर्षी तेच भाऊ पानिपतावर पडले. किल्ल्यात उदागीर बाबांची समाधी आहे. एप्रिल 2022 मध्ये 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झालं, तेव्हा किती माणसं आली ते आपण पाहिलं. पण ते तीन दिवस होते! दुकान बाराही महिने चालवायचं असतं.

म्हणून हिशेब करू. समजा 20 जणांची सहल आली. चहा आणि सुशीला, प्रत्येकी 50 रुपये. जमा 1000. सामान 450, गॅस 50, ने-आण 50, दोघींची अर्ध्या दिवसाची मजुरी 300. उरले 150. महिन्यात अशा चार सहली आल्या तर 600. आता शेडसाठी लाखाचं कर्ज काढलं असेल, तर शेकडा 1 रुपया दराने नुसतं व्याजच महिन्याला 1000 होतं. मुद्दल बाजूलाच राहिलं.

त्यामुळे आधी शेड नको, असं माझं मत आहे. सहलीची ऑर्डर घेऊन धपाटे-दही, सुशीला पोचवा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी बायकांसाठी बसायची सोय असलेलं भाड्याचं दुकान चालवून बघा. रोजचा गल्ला दिसला की मग कर्जाचं बोलू. त्या वेळी राज्याचं 2023 चं ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण उपयोगी पडेल. त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं. हप्ते वेळेवर भरलेले असावे लागतात आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. चालू अटी तिथेच विचारून घ्या, एजंटाला पैसे देऊ नका. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न परवान्याची नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी. किल्ला संरक्षित स्मारक आहे, त्याच्या आवारात परवानगीशिवाय टपरीसुद्धा टाकता येत नाही.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गटातल्या दोघींनी बाजाराच्या दिवशी सकाळी 10 ते दुपारी 2 बसस्थानकावर थांबा. किती बायका अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ उभ्या किंवा जमिनीवर बसलेल्या दिसतात ते मोजून वहीत लिहा. पाचजणींना विचारा, बसायला जागा आणि संडास असेल तर चहाचे किती द्याल. दुसऱ्या दोघींनी रविवारी किल्ल्यावर तसंच मोजायचं. दोन्ही वह्या बैठकीत आणा, मग दुकानाची जागा ठरवू.