प्रकल्पासाठी कनेक्टर कसा निवडाल?

प्राणहितेचं पाणी चढलं की भोंगा वाजवणारा प्रकल्प समजा तुम्ही बनवलात. वर्गात तो छान चालतो. पण अहेरीच्या पावसात तो आधी कुठे दगा देईल? बहुधा वायरच्या जोडात! ओल शिरली की पिना गंजतात, रोध वाढतो आणि भोंगा नेमका पुराच्या वेळी गप्प बसतो. म्हणून कनेक्टर निवडताना चार गोष्टी पाहा.

१. विद्युतधारा : जोडाचा रोध ०.१ ओहम आणि धारा ५ अँपिअर असेल, तर उष्णता = धारेचा वर्ग × रोध = २५ × ०.१ = २.५ वॅट. एवढ्याशा पिनेला ती फार होते. म्हणून गरजेच्या दुप्पट क्षमतेचा कनेक्टर घ्या.

२. पाणी व धूळ : 'आयपी ६७' मधला ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. पण बरं का, दोन्ही भाग घट्ट जोडलेले असतील तरच! मोकळ्या तोंडाला टोपण लावा.

३. ओढ : वायर ओढली गेली तरी ताण पिनेवर येऊ नये. वायर आवळून धरणारा नट असलेला कनेक्टर निवडा.

४. सुरक्षितता : बॅटरीकडच्या वायरला मादी भाग लावा, म्हणजे उघड्या पिनांमुळे शॉर्टसर्किट होणार नाही. हे सगळं १२ व्होल्टसाठी. घरातल्या २३० व्होल्टवर प्रयोग नकोच.

स्वाध्याय : बॅटरी न लावता, जोडलेला कनेक्टर ३० मिनिटं बादलीत बुडवा. बाहेरून पुसून उघडा. पिना कोरड्या आहेत का? वहीत नोंदवा.