पावतीचे दोन अर्थ

खंड थकला म्हणून भाटकाराने कुळाला शेतातून काढावे की नाही, या प्रश्नाने पेडणे व डिचोली तालुक्यांतील कित्येक घरांची झोप उडविली आहे. आमच्या वर्गात भाटकारांची मुले आणि कुळांची मुले एकाच बाकावर बसतात. दोघांच्या घरी, निरनिराळ्या पेट्यांत, कधीकधी एकाच शेताचे कागद असतात. त्या कागदांचा अर्थ विद्यार्थ्यांना कळावा, एवढ्यासाठीच हा लेख.

प्रथम शब्द पाहू. कोंकणीत भाट म्हणजे बागायतीची जमीन. तिचा धनी तो भाटकार. त्याचे शेत खंडाने कसणारा तो कूळ, आणि त्याच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार. एकच माणूस पुष्कळदा कूळही असतो व मुंडकारही. परंतु या दोन नात्यांना कायदे निराळे आहेत. घोटाळा होतो तो येथेच.

पेडणे व डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. पोर्तुगीजांच्या हाती ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. येथील पुष्कळशी जमीन थोड्या घराण्यांकडे होती आणि पिकाचा अर्धा वाटा धन्याला देण्याची चाल अनेक ठिकाणी होती. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा गावोगाव पोहोचली, आणि १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर हे मूळचे पेडण्याचेच. १९६४ चा कूळ कायदा ८ फेब्रुवारी १९६५ पासून अमलात आला. खंड पिकाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक असू नये, असे त्याने ठरविले. बारा खंडी भात पिकले, तर अर्धेलीने सहा खंडी जात, कायद्याने दोन. शिवाय कुळाला काढावयाचे तर कायद्याच्या वाटेनेच काढता येते. भाटकाराने आपणच कुंपण घालून शेताची वाट बंद करावी, हे त्याला मान्य नाही.

पण मामलेदारापुढे पहिला प्रश्न थकबाकीचा नसतो. हा माणूस कूळ आहे की नाही, हाच असतो. वर्षानुवर्षे भात मापून भाटकाराच्या अंगणात टाकले, कागद मात्र कोणी केला नाही. मग भाटकार म्हणतो, हा तर आमचा मजूर! अशा वेळी खंडाची एखादी जुनी पावती, किंवा एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात असलेले नाव, हाच कुळाचा आधार. भाटकाराची बाजू नेहमीच खोटी असते असे मात्र नव्हे. एकाच शेताच्या खंडावर चूल पेटविणारी विधवाही कायद्याच्या भाषेत भाटकारच.

पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कूळ हा जमिनीचा खरेदीदार मानला गेला. जमीनमालक न्यायालयात गेले. पुढे १९८४ मध्ये संसदेने हा कायदा राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात घातला. किंमत ठरवून घेऊन ती भरण्याचे काम मात्र कुळाकडेच राहते.

आता घराकडे वळू. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले व घर आणि लगतची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. परंतु मुंडकाराच्या व्याख्येतून त्या कायद्याने घराबद्दल भाडे देणाऱ्याला वगळले आहे. म्हणजे शेताच्या पावतीने जो माणूस तरतो, तोच घराच्या पावतीने बुडू शकतो! दहा रुपये देऊन घेतलेल्या कागदावर ‘घरभाडे’ हा शब्द असला, तर पुढे तोच शब्द त्याच्याविरुद्ध वाचला जातो. घरातील वडील माणसांना अक्षरओळख नसेल, तर असा कागद घेण्यापूर्वी शाळेत जाणाऱ्या मुलाने तो मोठ्याने वाचून दाखवावा.

जे खरोखरच भाडेकरू आहेत, त्यांच्यासाठी १९६८ चा इमारत भाडे नियंत्रण कायदा आहे. एकूण तीन महिन्यांचे भाडे थकले आणि रजिस्टर टपालाने आलेल्या नोटिशीनंतर तीस दिवसांत ते दिले नाही, तर घरमालकाला ताबा मागता येतो. टपालवाल्याला दारातून परत पाठविले की नोटीस टळली, असा समज गावोगाव ऐकू येतो. कायदा ते तीस दिवस नकाराच्या दिवसापासूनही मोजतो.