प्रभूच्या प्रकटीकरणाचा चहा



२५ डिसेंबरला केक कापला जातो, ३१ तारखेपर्यंत करंज्यांचा डबा रिकामा होतो आणि जानेवारी उजाडला की बहुतेक घरांतला तारा माळ्यावर जातो. ख्रिस्तसभेचा नाताळकाळ मात्र प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालू असतो. मधल्या दिवसांत प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण येतो. त्याची मूळ तारीख ६ जानेवारी. आपल्याकडे तो रविवारी साजरा होतो. ज्यांच्या घरी तीन ते सहा वर्षांचे मूल आहे, त्यांनी त्या रविवारी सायंकाळी मुलासाठी एक छोटासा चहा ठेवावा, असे आम्ही सुचवतो.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा एकदा वाचा. गव्हाणी आपल्याला संत लूक सांगतो. मत्तय म्हणतो की, पूर्वेकडचे मागी लोक 'घरात' गेले आणि त्यांनी मुलाला त्याची आई मरिया हिच्यासह पाहिले. ते किती जण होते हे तो सांगत नाही. सोने, ऊद व गंधरस या तीन देणग्यांवरून परंपरेने ते तीन मानले. त्यांना राजे म्हणणे आणि कास्पर, मेल्किओर, बाल्थाझार ही नावेसुद्धा नंतरची. हेरोदाने दोन वर्षांची व त्याहून लहान मुले मारण्याचा हुकूम सोडला, त्यावरून बाळ येशू तेव्हा पावले टाकू लागला असावा, असेही काही जण मानतात. म्हणजे एका लहान मुलाच्या घरी पाहुणे आले. देश परका, बोली परकी, धर्मही परका. त्या घराने त्यांना आत घेतले.

आता आपली घरे पाहू. पूर्वी ओटीवर कोणी ना कोणी बसलेला असे. आज ब्लॉकचे दार बंद, त्याला भिंगाचे भोक. मुलाला दारात दिसतो तो पार्सलवाला. वाढदिवस हॉलमध्ये होतात, तिथे जादूगार असतो, रिटर्न गिफ्ट असते, आणि मूल संध्याकाळभर घेत राहते. द्यायचे कसे, हे त्याला शिकवणार कोण?

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. न्यायाची कृत्ये करीत गेल्यानेच माणूस न्यायी होतो, असे त्याचे म्हणणे. संत थॉमस अक्वायनस त्याच वाटेने जातात: बुद्धीला जे कळते त्याची सुरुवात इंद्रियांपासून होते. चार वर्षांच्या मुलाला 'आतिथ्य' हा शब्द समजावू नका. त्याच्या हातात नानखटाईची बशी द्या आणि 'आधी पाहुण्यांना' एवढेच सांगा. बशी थरथरेल, एखादी नानखटाई खाली पडेल. पडू द्या.

बोलवायचे कोणाला, हा खरा प्रश्न आहे. नात्यातली मुले सणात येऊन गेलेलीच असतात. आपल्या आळीत भाड्याने राहणारी कुटुंबे आहेत. कोणी झारखंडहून, कोणी केरळहून आलेले. त्यातली काही रविवारी मागच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. त्यांच्या मुलाला बोलवा. ज्या घरात या वर्षी मयत झाले म्हणून तारा लागला नाही, तिथल्या मुलाला बोलवा. मात्र आधी त्याच्या आईला विचारा. एक आजी किंवा आजोबाही असू द्या, कारण गोष्ट सांगायला कोणीतरी हवे. मूल धरून पाच-सहा जण पुरेत. भेटवस्तू आणू नयेत असे स्पष्ट सांगा, नाहीतर बोलावणे हेच त्यांच्यावर ओझे होईल.

चहा नावालाच. मुलांच्या कपात कोमट दूध, हवी तर वेलची. फराळातले जे उरले असेल ते चालेल. (पाककृती सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही, आपल्या महिला मंडळाच्या हद्दीत पाय ठेवण्याची आमची तयारी नाही.) फ्रान्समध्ये या सणाच्या केकमध्ये एक छोटी वस्तू लपवतात, ज्याच्या वाट्याला ती येते तो त्या दिवसाचा राजा. लहान मुलांच्या घशात अडकेल असे काही केकमध्ये घालू नका. त्याऐवजी एका बशीच्या तळाला खडूने तारा काढा. ज्याच्या बशीखाली तारा, तो राजा. आणि राजाचे काम एकच, सगळ्यांना पाणी देणे. मोठा असेल त्याने सेवकासारखे व्हावे, असे प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना सांगितले ते लूकच्या बाविसाव्या अध्यायात आहे. मुलांना ते वाचून दाखवायची गरज नाही.

गोव्यात रेइश मागुश, चांदोर, कासावली येथे या सणाला मुलगे राजांचा वेश करून मिरवणुकीने निघतात, हेही मुलांना सांगा. ओढणीचा झगा आणि पुठ्ठ्याचा मुकुट घरी सहज होतो. तासाभरात सगळे आटोपा; थकलेले मूल पाहुण्याला कंटाळते.

शेवटी सर्वांनी दाराशी जावे. युरोपात पुष्कळ ठिकाणी या दिवशी आशीर्वादित खडूने चौकटीवर नव्या वर्षाचे आकडे आणि त्यांच्यामध्ये सी, एम, बी ही लॅटिन अक्षरे लिहितात. ती तीन राजांची आद्याक्षरे मानतात. 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन प्रार्थनेचीही तीच आद्याक्षरे. मुलाला कडेवर घ्या, त्याचा हात धरून लिहा आणि एकदा 'हे आमच्या बापा' म्हणा. खडू त्या रविवारी प्रत्येक मिस्सानंतर वेदीजवळ आशीर्वादित करून देऊ. साधा पांढरा खडू घरूनच आणलात तर बरे.

– आपले धर्मगुरू