चुलीजवळची बाटली

आमच्या तेरखेड्याला लोक मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात. माळावरच्या शेडांत मी आठ हंगाम फटाक्यांची दारू भरली. आता शेती करतो. दारू आणि पेट्रोल, दोन्हींनी जे शिकवलं ते लिहितोय.

१. दारूचं भय आम्हाला बाळकडूसारखं मिळतं. शेडमध्ये जाताना काडीपेटी बाहेर, मोबाईल बाहेर, अंगावर सुती कपडे, हातात लोखंडी हत्यार नाही. तोच माणूस संध्याकाळी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवतो. मीही वर्षानुवर्षं ठेवली.

२. पेट घेते ती पेट्रोलची वाफ. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सुटते, मग आमच्या उन्हाळ्याचं काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, मोरीत, खड्ड्यात साचते. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ असली तरी ठिणगी पुरते. म्हणून बाटली इथं आणि चूल तिथं, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. रिकाम्या कॅनला तर मी जास्त जपतो. पेट्रोल संपलं तरी आत वाफ असतेच.

३. सोयाबीनवर फवारणी चालली होती. पंपाची टाकी संपली, आभाळ भरून आलं होतं, भावाने चालून तापलेल्या इंजिनातच पेट्रोल ओतलं. थोडं सांडलं आणि भडका उडाला. सदऱ्याची नायलॉनची बाही वितळून हाताला चिकटली. कुणी म्हणालं टूथपेस्ट लावा, कुणी म्हणालं शाई. मी दोन्ही लावू दिलं नाही. ड्रममधलं साधं पाणी २० मिनिटं हातावर ओतत राहिलो, चिकटलेलं कापड ओढलं नाही, ओल्या स्वच्छ धोतराने झाकून दवाखाना गाठला. हात वाचला. व्रण आहेत.

४. दारू पेटली तर पळायचं. तिच्यातला सोराच तिला प्राणवायू पुरवतो, वाळू टाकून ती विझत नाही. पेट्रोलला मात्र बाहेरची हवा लागते. आग परातीएवढी असेल तोवर वाळू, माती टाकून दडपता येते. पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग वाहत पुढं जाते. आग मोठी झाली, तर मात्र इथंही पळायचंच.

५. शेडच्या दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावून आत जायचो, अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. कॅन भरतानाही तोच हिशेब. पिकअपमधून उतरवून जमिनीवर ठेवायचा, नोझल तोंडाला टेकवायचं.

६. आता घरात बाटली नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा कॅन आहे, घरापासून आणि कडब्यापासून लांब, सावलीत, कुलपात. फवारणी भाऊच करतो. पंप बंद केला की आधी लिंबाखाली जाऊन बसतो.