निरोगी गिधाडाचे रक्त

काखेत धरलेल्या तापमापकाने १०२ अंश फॅरनहाइट दाखवले की घरातले सगळे म्हणतात, 'ताप आहे.' गुरांच्या दवाखान्यात शेळीचे तापमान १०२ भरले तर डॉक्टर तिला घरी न्यायला सांगतील, कारण शेळीचे ते नेहमीचेच तापमान आहे. कोंबडीचे अंग तर १०६ अंशांच्या आसपास असते. माणसाला तेवढा ताप चढला तर धावपळ उडेल. आकडा एकच, पण त्याचा अर्थ प्राण्यागणिक बदलतो.

रक्ताचेही असेच आहे. आजारी प्राण्याचे रक्त तपासायचे तर त्याच जातीच्या निरोगी प्राण्यांचे रक्त आधी तपासलेले हवे. म्हणून चीनमध्ये आणि इतर देशांतल्या प्राणिसंग्रहालयांत धडधाकट पांडांच्या रक्तपेशी मोजून ठेवतात. काही पांडांना पिंजऱ्याबाहेरच्या नळीत हात घालून रक्त देण्याची सवयही लावली आहे. त्याबद्दल त्यांना खाऊ मिळतो! आपल्या भागात पांडा नाही. पण ज्याच्या रक्ताची अशीच गरज पडली असा एक प्राणी आहे. तो म्हणजे गिधाड.

महाड तालुक्यात नाणेमाचीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. पश्चिमेला म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे आढळतात. महाडच्या 'सिस्केप' या संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे ही घरटी मोजत आले आहेत, गिधाडांसाठी मेलेली जनावरे मिळवून देत आले आहेत. पूर्वी महाड-पोलादपूरकडे ढोर मेले की गावाबाहेर टाकत आणि गिधाडे थोड्या वेळात त्याचा सांगाडा करून ठेवत. तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील. मग १९९० नंतरच्या दहापंधरा वर्षांत देशभरची गिधाडे नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात हजारातून एखादे उरावे इतकी घटली.

भरतपूरच्या अभयारण्यात विभू प्रकाश यांनी हा ऱ्हास प्रथम नोंदवला. मान खाली टाकून बसलेली गिधाडे, आणि मग झाडाखाली पडलेली. पहिला संशय साथीच्या रोगावर गेला. रोगजंतू शरीरात शिरले की पांढऱ्या रक्तपेशींच्या संख्येत फरक पडतो, हे तुम्ही शिकला आहात. पण फरक कशाच्या तुलनेत? माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. निरोगी कोंबडीत त्या २० हजारही सापडतात. तेव्हा गिधाडाच्या रक्तातला आकडा माणसाच्या किंवा कोंबडीच्या कोष्टकाशी ताडून काही कळणार नाही.

आता पक्ष्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसते ते पाहू. माणसाची तांबडी पेशी गोल, दोन्ही बाजूंनी दबलेली आणि केंद्रक नसलेली असते. तिचा व्यास सात-साडेसात मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सातपट. पक्ष्याची तांबडी पेशी लांबट, अंड्याच्या आकाराची असते आणि तिच्या मधोमध ठसठशीत केंद्रक असते. कोंबडीत ती सुमारे १२ मायक्रॉन लांब व ६ मायक्रॉन रुंद भरते. रक्त गोठवण्याला मदत करणाऱ्या पेशींनाही पक्ष्यांत केंद्रक असते; आपल्यात त्या जागी केंद्रक नसलेल्या नुसत्या चकत्या असतात. आपल्या पांढऱ्या पेशींतला जंतू गिळणारा जो मुख्य प्रकार, त्याच्या जागी पक्ष्यांत लालसर काड्यांसारखे कण असलेली पेशी असते.

या केंद्रकामुळे मोजणाऱ्याची मोठी पंचाईत होते. माणसाच्या पांढऱ्या पेशी मोजायच्या तर रक्तात सौम्य आम्ल घालतात. तांबड्या पेशी विरघळून जातात आणि केंद्रके असलेल्या पांढऱ्या पेशी तेवढ्या उरतात. पक्ष्याच्या रक्तात हीच युक्ती केली तर तांबड्या पेशींची लाखो केंद्रकेही मागे राहतात आणि सगळा गोंधळ होतो. रुग्णालयातली स्वयंचलित यंत्रेही इथे फसतात. म्हणून पक्ष्यांच्या पेशी पुष्कळदा डोळ्यांनीच मोजाव्या लागतात. त्यासाठी नॅट आणि हेरिक यांनी १९५२ साली कोंबडीच्या रक्तासाठी एक रंगद्रावण तयार केले. त्यात तांबड्या आणि पांढऱ्या पेशी वेगवेगळ्या ओळखू येतात. ते आजही वापरात आहे.

मोजणीची रीत गणिताच्या तासाला शोभेल अशी आहे. रक्त २०० पट पातळ करतात आणि त्याचा थेंब आखीव काचेवर सोडतात. काचेवर एक चौरस मिलिमीटरचा मोठा चौकोन असतो, त्याचे २५ भाग केलेले असतात. वरच्या झाकणकाचेपर्यंतची खोली मिलिमीटरचा दहावा भाग. २५ पैकी ५ भागांतल्या तांबड्या पेशी मोजायच्या. या पाच भागांवरच्या द्रवाचे घनफळ किती? एक पंचमांश गुणिले एक दशांश, म्हणजे एक घन मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तेव्हा मोजलेल्या संख्येला ५० ने आणि पातळ केल्याबद्दल आणखी २०० ने गुणायचे. थोडक्यात पुढे चार शून्ये द्यायची. २५० पेशी दिसल्या तर घन मिलिमीटरला २५ लाख. माणसात हा आकडा ४५ ते ५५ लाखांच्या आसपास असतो, कोंबडीत २५ ते ३५ लाख. पक्ष्याच्या पेशी मोठ्या, म्हणून संख्या कमी.

परंतु खरी अडचण मोजणीच्या आधीच सुरू होते. मोठ्या गिधाडाचे वजन पाच किलोंच्या आसपास असते. पंखाखालच्या शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतल्याने त्याला इजा होत नाही, मात्र त्याला धरावे लागते. पकडलेला पक्षी भेदरतो आणि काही तास तसाच राहिला तर पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचे प्रमाण बदलते. पक्षी निरोगी, पण रक्त आजाऱ्यासारखे! रक्त कोणत्या बाटलीत ठेवले यालाही महत्त्व आहे. माणसाचे रक्त गोठू नये म्हणून ज्या ईडीटीए नावाच्या रसायनाच्या नळ्या वापरतात, त्यांत कावळ्यासारख्या काही पक्ष्यांच्या तांबड्या पेशी फुटून जातात. शिवाय वय पाहिले पाहिजे, ऋतू पाहिला पाहिजे, पाणी कमी प्यालेल्या पक्ष्याचे रक्त दाट होते हेही ध्यानात ठेवले पाहिजे. इतके सांभाळून पुष्कळ निरोगी पक्ष्यांचे आकडे जमवायचे, ते ओळीने मांडायचे आणि मधले शेकडा ९५ घ्यायचे. त्या पट्ट्याला 'सामान्य मर्यादा' म्हणतात. म्हणजे शंभरांतले पाच धडधाकट पक्षी मर्यादेबाहेरच राहणार, हे गृहीतच धरलेले आहे. रक्ततपासणीच्या कागदावर एखादा आकडा ठळक छापलेला पाहून लगेच घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. चांगल्या मर्यादेसाठी शंभराहून अधिक प्राणी हवेत. दुर्मीळ झालेल्या जातीचे एवढे पक्षी आणायचे कोठून, हा प्रश्न मात्र उरतोच.

गिधाडांचे कोडे अखेर पेशींनी सोडवले नाही. ते सुटले मृत पक्ष्यांच्या चिरफाडीतून आणि रक्तातल्या एका आम्लावरून. आपण शरीरातला टाकाऊ नत्र यूरियाच्या रूपाने लघवीतून टाकतो. पक्षी तो यूरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. मूत्रपिंडे बंद पडली की हे आम्ल रक्तात साठते आणि हृदयावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर धरते. मेलेल्या गिधाडांत असा थर पुन्हापुन्हा आढळला. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात संशोधन करून २००४ साली कारण प्रसिद्ध केले: डायक्लोफेनॅक, म्हणजे गुरांना सूज आणि दुखण्यावर देण्यात येणारे औषध. ते टोचलेले ढोर दोन-तीन दिवसांत मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. शेकडा एकाहूनही कमी मेलेल्या जनावरांत हे औषध असले तरी एवढा संहार होऊ शकतो, असे गणित त्याच वर्षी मांडण्यात आले.

भारताने २००६ साली गुरांसाठी या औषधाचे उत्पादन बंद केले. पण लंगडणाऱ्या बैलाला औषध तर हवेच. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांना चालेल का? इथे निरोगी रक्ताचा उपयोग झाला. आधी दक्षिण आफ्रिकेत तिथल्या गिधाडांना, नंतर भारतात आपल्या जातींना हे औषध दिले, आणि औषध न दिलेल्या निरोगी पक्ष्यांच्या शेजारी त्यांचे यूरिक आम्ल मोजले. डायक्लोफेनॅक मिळालेल्या गिधाडात ते एका दिवसात भराभर चढते आणि दोन दिवसांत पक्षी मरतो. मेलॉक्सिकॅम घेतलेल्यांत ते जागचे हलले नाही. हा निष्कर्ष २००६ साली छापला गेला. पुढे २००८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या रक्ताची निरोगी कोष्टकेही प्रसिद्ध केली. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या आणखी दोन औषधांवर भारतात २०२३ साली गुरांपुरती बंदी आली.

यातही एक खोच आहे. मांसाहारी पक्ष्याचे पोट नुकतेच भरलेले असले तर त्याचे यूरिक आम्ल आपसूकच पुष्कळ चढते. ससाण्यांवरच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले आहे. तेव्हा जेवून सुस्तावलेले गिधाड आणि मूत्रपिंड बिघडू लागलेले गिधाड यांत फसगत होऊ शकते. म्हणून पक्षी उपाशी असताना रक्त घेतात. नाणेमाची, पोलादपूर किंवा कोठेही पडलेले गिधाड दिसले तर त्याला हात लावू नका आणि मांसही घालू नका. कायद्याने संरक्षण दिलेला हा पक्षी आहे. वनखात्याला कळवा, पक्षी केव्हापासून पडून आहे आणि जवळ मेलेले जनावर आहे काय, ते सांगा. डॉक्टरला पुढे रक्ताचा आकडा वाचताना या माहितीचा उपयोग होईल.

शाळेत प्रयोगशाळा असेल तर शिक्षकांनी कोंबडीच्या आणि माणसाच्या रक्ताच्या तयार काचपट्ट्या शेजारी शेजारी लावून दाखवाव्यात. चारशे पट मोठे करणारा सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. केंद्रके नजरेत भरतील. ताजे रक्त काढण्याच्या भरीस मुलांनी पडू नये. पेशींचे चित्र वहीत काढा, केंद्रक दाखवा, आणि पुढचे उदाहरण सोडवा. वरच्या रीतीने पाच चौकोनांत २९० तांबड्या पेशी मोजल्या. घन मिलिमीटरला किती पेशी झाल्या? हे रक्त कोंबडीचे असेल तर तुम्ही काय म्हणाल, आणि माणसाचे असेल तर काय?