ओल सुकेपर्यंत पुट्टी नको

परळच्या भोईवाड्यात आषाढ सरत आला की गवंडी आणि रंगारी शोधूनही सापडत नाहीत. गणपती तोंडावर आलेले असतात, मखरामागची भिंत गुळगुळीत हवी असते, पाहुण्यांची ये-जा सुरू होणार असते. घर सजवण्याची ही ओढ खरी आहे आणि तिच्याबद्दल तक्रार नाही. अडचण वेगळीच आहे. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे जुन्या घरांच्या भिंती सगळ्यात जास्त ओल्या असतात त्या नेमक्या याच दिवसांत.

माझ्या मावशीची खोली इथल्याच एका जुन्या चाळीत आहे. विटांची भिंत, अधूनमधून सागवानी खांब, त्यावर चुन्याचा गिलावा, कोपऱ्यात मोरी आणि मागाहून चढवलेला पोटमाळा. मोरीलगतच्या भिंतीला कमरेच्या उंचीपर्यंत पोपडे धरले होते. ठेकेदाराने ऐन श्रावणात ते वरवर खरवडले, खड्ड्यांत सिमेंट थापलं, त्यावर पीओपी फिरवलं, पुट्टीचे दोन हात दिले आणि प्लॅस्टिक पेंट मारून तो मोकळा झाला. गौरी-गणपतीत भिंत देखणी दिसली. दिवाळीत रंगाला फुगे आले. होळीच्या सुमारास सिमेंटचं एक ठिगळ अख्खंच्या अख्खं गळून पडलं, आणि त्याच्या पाठीला मूळ विटेचा पापुद्राही चिकटून आला. आधी खराब होता तो फक्त गिलावा. आता वीटही गेली.

असं का होतं, हे एकदा कळलं की पुढची सगळी कामं आपोआप सुचतात. चुन्याचा गिलावा मऊ असतो आणि त्यातून वाफ ये-जा करू शकते. पावसाळ्यात भिंतीने प्यायलेलं पाणी उन्हाळ्यात हळूहळू बाहेर पडतं. सिमेंटचा घट्ट तुकडा मध्ये बसला की ती वाट बंद होते. पाणी तुकड्यामागे साठतं, सोबतचा क्षार तिथेच स्फटिक धरतो आणि तो स्फटिक जागा करण्यासाठी विटेलाच फोडतो. पीओपी म्हणजे जिप्सम, तेही पाण्यात थोडंथोडं विरघळणारं. मोरीच्या भिंतीवर त्याचं कामच नाही.

हे केवळ चाळीपुरतं नाही. हुतात्मा चौकातलं १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन पोर्टलँड दगडात कोरलेलं आहे. त्यावर वर्षानुवर्षं रंगाचे हात चढवले गेले होते. २०१९ मध्ये ते पुन्हा खुलं झालं, त्याआधीच्या जीर्णोद्धारात हे थर उतरवून दगड मोकळा करावा लागला.

तेव्हा पहिलं काम गिलाव्याचं नाहीच, पाण्याचं आहे. ओल कुठून येते? चाळीत उत्तर बहुतेक वेळा मोरीत सापडतं: जाळीभोवतीची फट, लाद्यांमधले उघडे सांधे, भिंतीत गाडलेला जुना लोखंडी नळ. कधी ते शेजारच्या खोलीच्या मोरीत असतं, मग शेजाऱ्यांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. शंका असेल तर दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद घेऊन त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला हवाबंद चिकटवाव्यात आणि एक पूर्ण दिवस तसाच ठेवावा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतलं बाष्प. फुकटात होणारी ही परीक्षा ठेकेदाराला बोलावण्याआधीच करून घ्यावी.

गळती बंद केल्यावरही भिंत लगेच कोरडी होत नाही. त्यातून लोणा लागलेला असेल तर गोष्ट आणखी चिवट होते. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढू लागतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती पातळी रोजचीच. म्हणून लोणा पाण्याने धुऊ नये, धुतल्याने तो आत जिरतो. कोरड्या ब्रशने झाडून, केराच्या सुपलीत गोळा करून घराबाहेर टाकावा. काही दिवसांनी पांढरी भुकटी परत दिसेल, परत झाडावी. क्षार मुरलेला गिलावा मात्र काढूनच टाकावा लागतो, आणि डाग दिसतो त्याच्यापुढेही वीतभर.

मावशीकडचं दुसरं काम म्हणूनच डिसेंबरात सुरू झालं. मधल्या गणपतीत त्या भिंतीसमोर कापडी पडदा सोडला होता आणि उघड्या विटा त्यामागे वाळत होत्या. आरास कुठेही उणी पडली नाही.

भिंत तपासायला गवंड्याचा कान लागतो. थापीच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकत जायचं. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग खडूने आखून घ्यायचा. पहिल्यांदा आखलेला आकार पाहून पोटात गोळा येतो, पण सगळी भिंत उतरवायची गरज क्वचितच असते. जो चुना शंभर वर्षं टिकला आणि अजून घट्ट आहे, त्याला छिन्नी लावू नये. धडधाकट जुना गिलावा उतरवून सिमेंटचा नवा चढवणं हे माझ्या मते जुन्या घराचं सरळ नुकसान आहे.

भेगांचं वेगळं. भारतीय मानक ब्यूरोच्या १९८४ च्या पुस्तिकेत एक मिलिमीटरच्या आतली भेग बारीक, एक ते दोन मध्यम आणि दोनच्या वर रुंद मानली आहे. पण रुंदीइतकंच, ती भेग अजून वाढतेय का हे पाहायला हवं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहून ठेवावी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी किंवा पोटमाळ्याच्या तुळईखाली फाकत जाणारी भेग ही रंगाऱ्याची बाब नव्हे. तुळईचं भिंतीतलं टोक कुजलेलं किंवा वाळवीने पोखरलेलं असू शकतं. तिथे इंजिनिअर हवा. इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. नायगावच्या बीडीडी चाळींसारखं १९२० च्या दशकातलं काँक्रीट असेल तर आतली सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. त्या फुगवट्यावर पुट्टी फिरवणं म्हणजे धोका झाकणं.

खांब आणि विटांच्या सांध्यावरची उभी भेग दरवर्षी परत येते, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. तिथे जस्ताचा मुलामा दिलेली बारीक जाळी दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच जाईल अशी ठोकून घ्यावी.

आता ठिगळ. खड्ड्याच्या कडा धारदार, सरळ आणि आतल्या बाजूला किंचित तिरक्या कापाव्यात, म्हणजे नवा माल अडकून बसतो. धूळ ब्रशने पूर्ण काढावी. बहुतेक ठिगळं पडतात ती धुळीवर बसवल्यामुळेच. मग विटांवर पाणी शिंपडावं. वीट दमट हवी, पण तिच्यावर पाणी चमकता कामा नये. माल जुन्या भिंतीहून कधीही कडक नसावा. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हे प्रमाण चालतं. भिंत फारच मऊ असेल तर एक, दोन, नऊ. वाळू नदीची असो की दगडाची, खारी नको. खड्डा खोल असेल तर एका दमात भरू नये. अर्ध्या इंचाचा थर द्यावा, ओला असतानाच खरवडून खडबडीत करावा, धरू द्यावा, मग पुढचा. पाणी आठवडाभर तरी मारावं. शेवटचा थर आजूबाजूच्या भिंतीपेक्षा कणभर खाली ठेवावा, म्हणजे वरच्या नीरूला किंवा पुट्टीला जागा राहते. पीओपीत सिमेंट मिसळण्याची काहींना सवय असते. दमटपणात या दोघांची प्रक्रिया होऊन माल फुगतो. ते होऊ देऊ नये.

उरलेली धडधाकट भिंतही लगेच पुट्टी घेईलच असं नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत रोग हटवण्यासाठी घराघरांत चुना फासला गेला, पुढे तो दरवर्षीचा रिवाज झाला, त्यावर डिस्टेंपर, त्यावर ऑइल पेंट. तळहात फिरवून पाहावा. पांढरा पडला तर ती भुकटी खरवडायलाच हवी. चकचकीत ऑइल पेंट घासून निस्तेज करावा, पण कोरडा घासू नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० इतक्यावर बांधणारा नियम लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये. पॉलिश पेपर ओला करून घासावा, तोंडाला चांगला मास्क असावा आणि लहान मुलं व गरोदर बाई यांनी ते दिवस दुसरीकडे काढावेत. दहा बाय बाराच्या खोलीत हे जड जातं, तरी करावं.

पुट्टी सगळ्यात शेवटी. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीची दोन हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत राहायला हवी. खड्डे पुट्टीने भरू पाहणारा कारागीर आधीची तयारी टाळतो आहे, हे ओळखावं. रात्री दिवे मालवून भिंतीला लावून बॅटरीचा तिरपा झोत टाकला की प्रत्येक उंचवटा सावली धरतो. तिथे पेन्सिलने खूण करावी.

आणि दर ठरवताना तयारीचं काम वेगळं लिहून घ्यावं. चौरस फुटाच्या एकाच भावात खरवडणं, सुकवणं, ठिगळ आणि पुट्टी सगळं कोंबलं की कारागिराला घाई करण्यावाचून पर्याय उरत नाही. ठोकणं, काढणं आणि भरणं रोजंदारीवर द्यावं, पुट्टी आणि रंग चौरस फुटावर. ठिगळं सुकायला ठेवलेले आठवडे कागदावर तारखांसकट नोंदवावेत आणि त्या काळात गवंड्याला दुसरं काम घेण्याची मोकळीक द्यावी.